वीस वर्षांची गाडी आणि दहा हजारांचा शिक्का

गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ च्या, केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती केली. आमच्याकडे तिची चर्चा फारशी झालीच नाही. वीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीचं रिपासिंग करायचं असेल तर आता कारला १०,००० रुपये, तीनचाकीला ५,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये फी. पंधरा ते वीस वर्षांच्या कारला ५,००० हा दर एप्रिल २०२२ पासून लागू झालेला. त्याच्या आधी हेच काम ६०० रुपयांत व्हायचं.

माझी मारुती ८०० मे २००६ ची. २०२१ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा मी ६०० भरले. या मे महिन्यात दहा हजार भरायचे आहेत. वर पर्यावरण कर वेगळा, आणि नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे ७४५ अधिक जीएसटी (त्या प्लेटच्या मुदती किती वेळा वाढल्या ते तुम्हाला माहीत आहेच). गाडी विकायला काढली तर पन्नास हजारांच्या वर कोणी देणार नाही. म्हणजे गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी नुसती फी.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण व्हॉट्सॲपवर रोज काहीतरी फिरतं. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यासाठी आहे, हरित लवाद आणि कोर्टाच्या आदेशांतून आलेली. महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, फी भरून पाच-पाच वर्षांसाठी गाडी पुढे चालवता येते. तेव्हा 'आता जुनी गाडी भंगारातच घालावी लागते' असं सांगून कोणी तुमची गाडी वीस हजारांत मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

तालुक्याच्या गावात जुनी गाडी कोणाकडे असते? आमच्या गल्लीत मोजल्या तर सात. एक विमा एजंट, एक लग्नाचा फोटोग्राफर, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. यात हौशी कोणी नाही. रात्री नऊनंतर एसटी नाही. कोणाला छातीत दुखलं, कोणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की यातलीच एखादी गाडी निघते. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर पळणारी गाडी बदलून सात वर्षांचा हप्ता अंगावर घेणं यांच्यापैकी कोणालाच परवडणारं नाही. आणि अशी गाडी टिकते ती एकाच कारणाने. कोणीतरी तिच्याकडे लक्ष देतं.

माझं लक्ष देणं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. गॅरेज बंद, बॅटरी उतरलेली, आणि बातम्यांसाठी फिरणं तर चालूच. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पत्रकार, बॅटरीचं टर्मिनल बघा. पांढरं-हिरवं धरलंय का?" धरलं होतं. "काळी वायर आधी काढा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा टाका, जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा. लावताना आधी लाल, मग काळी. वरून थोडं व्हॅसलीन." अर्ध्या तासाचं काम. धक्का मारून गाडी सुरू केली, तासभर फिरवली, आणि ती बॅटरी पुढे दीड वर्ष चालली.

तिथून एकेक काम शिकत गेलो. ऑइल बदलणं हे पहिलं खरं काम. सांगतो कसं ते, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा ते सोपं आहे, आणि एका ठिकाणी वाटतं त्यापेक्षा धोक्याचं. गाडी सपाट जागी घ्यायची, इंजिन थोडं गरम असावं म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट उतरतं. जॅकवर गाडी उचलून तसंच खाली कधीही शिरायचं नाही. जॅक घसरतो. खाली लोखंडी स्टँड लावायचे, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि मगच डोकं आत. खाली घमेलं ठेवून ऑइलचा नट सोडायचा. तो परत लावताना जोर करायचा नाही, कारण चेंबरचे आटे गेले की शंभर रुपयांच्या बचतीचं काम काही हजारांवर जातं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने नवं ऑइल लावायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा. नरसाळ्याने वरून ऑइल भरायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं, लाल दिवा विझतोय ना बघायचं, बंद करून पाच मिनिटांनी पट्टी काढून पातळी बघायची. ऑइल आणि फिल्टर मिळून बाराशेच्या आसपास खर्च.

प्लग काढून बघणं ही तर मला डॉक्टरने जीभ बघण्यासारखी गोष्ट वाटते. या गाडीला तीनच सिलिंडर, तीनच प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, आधी एअर फिल्टर बघा. ओलसर, तेलकट काळं असेल तर ऑइल वर चढतंय, मग मात्र मामांकडे. पीयूसीत गाडी अडली की लोक 'काहीतरी करून द्या' म्हणतात. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदलले असते तर बऱ्याचदा ती वेळच आली नसती.

आणि पाणी. आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरणारं. तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. तो थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो, आणि एप्रिलमध्ये चढावर गाडी उकळली की कंपनीला शिव्या. कुलंट वापरा, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्याने करा. आणि गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं.

सगळं मी करत नाही. टायमिंग बेल्ट, क्लच, ब्रेकचं सिलिंडर, ही कामं मामांची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलून घेतो. मी शेजारी उभा राहतो, पाने देतो. कोणतं काम आपलं नाही हे ओळखणं शिकायला मला ऑइल बदलणं शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आता पुन्हा त्या दहा हजारांकडे. कोणी म्हणेल, पाच वर्षांचे दहा हजार, म्हणजे वर्षाला दोन हजार, त्यात काय एवढं. माझा आक्षेप रकमेवर आहेच, पण त्याहून जास्त त्या रकमेत काय मिळतं यावर आहे. २०२१ च्या तपासणीला काय झालं ते सांगतो. चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला. दिवे लावून बघितले. हॉर्न वाजवला. पुढची काच, नंबरप्लेट. झालं. गाडी चालवून ब्रेक मारून कोणी बघितला नाही. खाली वाकून पत्रा गंजलाय का, टायरची नक्षी उरलीय का, पेट्रोलच्या पाइपला भेगा आहेत का, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मागे रांगेत एक जीप होती, तिचं स्टिअरिंग पाव वळण मोकळं फिरत होतं. तीही पास झाली.

म्हणजे ज्याने गाडी जीवापाड सांभाळली आणि ज्याने पाच वर्षं बॉनेट उघडलं नाही, दोघांना तीच फी, तोच शिक्का. त्याच दहा हजारांत माझ्या गाडीचे मागचे ब्रेक शू, पुढचे पॅड, ब्रेक ऑइल, पेट्रोल पाइप आणि दोन नवे टायर होतात. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काय वाचवणार आहे, फी की टायर?

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. १३ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी वाहन भंगार धोरण जाहीर केलं. कागदावर त्या धोरणाचा सूर बरोबर आहे. गाडी निकामी ठरवायची ती तपासणीत नापास झाल्यावर. त्यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रं, जिथे ब्रेकचा जोर, धूर, दिव्यांचा झोत मशीन मोजेल आणि माणसाच्या मर्जीवर काही राहणार नाही. मोडीत काढली तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य आणि नव्या गाडीच्या करात सवलत. मला हे मान्य आहे. माझी गाडी अशा मशीनवर रोज न्यायला तयार आहे. अडचण अशी की फी आधी पोचली, आणि आमच्यासारख्या ठिकाणी मशीन अजून दिसायचं आहे.

सुरक्षेचा मुद्दा तर नाकारताच येत नाही. माझ्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. इंजिन बीएस-२ च्या काळातलं, २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीपेक्षा दर किलोमीटरला जास्त घाण सोडणारं. म्हणून मी हायवेला साठच्या वर जात नाही आणि शक्यतो रात्री लांब जात नाही. पण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, पीयूसी पास असलेली छोटी कार आणि रोज दोनशे किलोमीटर पळणारा, काळा धूर ओकणारा टेम्पो, यांचा विचार वयाच्या एकाच पट्टीवर करणं हे आळशी धोरण आहे. धूर मोजायचं यंत्र बऱ्याच पंपांवर आहे. ते नीट वापरा की.

दुसरा विषय पेट्रोलचा, आणि इथे आमच्या पट्ट्यात बोलायला जरा अवघड जातं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही. इथेनॉल आमच्याच उसातून होतं. कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळाले तर शेतकऱ्याची एफआरपी वेळेवर निघण्याची आशा. कायद्याने ती १४ दिवसांत द्यायची असते, प्रत्यक्षात काय होतं ते ऊस घालणाऱ्याला विचारा. त्यामुळे ई-२० वर टीका केली की समोरचा लगेच विचारतो, "तुम्ही शेतकऱ्याच्या बाजूचे की नाही?" मी बाजूचाच आहे, घरचा दोन एकर ऊस आहे. पण २००६ च्या गाडीचं रबर २० टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नव्हतं.

हे पेट्रोलियम मंत्रालयानेच गेल्या ऑगस्टमधल्या खुलाशात मान्य केलं आहे. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतात, असं त्यांचं म्हणणं. ई-२० साठी न बनवलेल्या गाड्यांत मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी कमी होऊ शकतं, हेही. माझ्या वहीत नोंद आहे. आधी लिटरला १७-१८ मिळायचे, आता १६-१७ मिळतात. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे यात नवल काही नाही.

पण 'स्वस्त आहेत, बदलून घ्या' हे वाक्य कोणासाठी आहे? ज्याला कळतं काय बदलायचं त्याच्यासाठी. पेट्रोलचा साधा रबरी पाइप आणि इथेनॉलला टिकणारा पाइप दिसायला सारखेच. नीट पाइपावर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असतं आणि तो दुप्पट-तिप्पट महाग असतो. आमच्या गावात मिळाला नाही, पुण्यात नाना पेठेतून आणला. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाने येतं, पाइप फुटला तर गरम इंजिनवर फवारा उडतो. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या वरची असेल तर सकाळी बॉनेट उघडून नुसता वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चावी लावू नका, मिस्त्रींना बोलवा. पाइप चिमटीत धरून वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर बदला. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पंपावर जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचा पर्याय ठेवायला काय हरकत आहे, हा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. याबद्दलची याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

जुन्या ८०० चं एक सुख आहे, पार्ट मिळतात. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली, जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. पण ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या दुकानातही बराच माल आहे. सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, ते चांगलं झालं.

पुढच्या गाड्यांचं काय, हा खरा घोर आहे. मामांकडे नवी गाडी आली की ते आधी विचारतात, "डॅशबोर्डवर दिवा लागलाय का?" लागला असेल तर हात जोडतात. त्यांच्याकडचा स्वस्त स्कॅनर कोड दाखवतो, पण पार्ट बदलल्यावर तो गाडीच्या कॉम्प्युटरला ओळख करून द्यावा लागतो, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच. चाळीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस एका पासवर्डपुढे थांबतो.

हे प्रकरण सरकारी यंत्रणांच्या नजरेतून सुटलेलं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत. मग अपिलं, कोर्ट, वर्षं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. मी ते उघडून बघितलं. ग्राहकाला माहिती मिळते, हे बरं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल योग्य किमतीत मामांना दिलंच पाहिजे, असं बंधन त्यातून येत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकून बाहेर पडलेला पोरगा स्वतःचं गॅरेज टाकणार की कोणाच्या तरी शोरूमला बारा हजारांवर नुसते पार्ट बदलणार, हे त्या बंधनावर ठरणार आहे. मामांचा मुलगा मोबाइल विकतो. वडिलांच्या गॅरेजात का बसला नाही विचारलं तर म्हणाला, "काका, पुढच्या गाड्या उघडायच्या राहिल्यात का?"

आमदार, खासदार मंडळी ही पोस्ट वाचतील असं नाही, पण त्यांचे सोशल मीडिया सांभाळणारे वाचतात, त्यांच्यासाठी सरळ सांगतो. एक, तालुक्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत खरं तपासणी केंद्र येईपर्यंत वाढीव फी थांबवा, आणि ते आल्यावर पहिल्या फेरीत पास होणाऱ्याला फीत सूट द्या. दोन, स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजला देण्याचं बंधन कायद्यात आणा. तीन, पंपांवर फलक लावा, कोणत्या वर्षाआधीच्या गाडीत काय बदलायचं ते मराठीत लिहून. याला कोट्यवधींचं बजेट लागत नाही.

आणि एक काम नगरपालिकेचं. घरी ऑइल बदललं की तीन लिटर जळकं ऑइल उरतं. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. गटारात ओतलं तर नाल्यातून ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत. आमच्या घंटागाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे ओला आणि सुका एवढंच आहे." गॅरेजवाले ते पिंपात साठवून भंगारवाल्याला देतात, तो पुढे कुठे नेतो ते त्याच्याकडून काही कळलं नाही. काही शेतकरी नांगराच्या फाळाला आणि कुंपणाच्या खांबांना लावायला नेतात. माझ्याकडे सध्या चार कॅन भरून पडलेत, घरात रोज बोलणी खातोय. तुमच्या गावात हे ऑइल गोळा करायची काही सोय आहे का? असेल तर कोण करतं, कॅन किती दिवसांनी नेतात, पैसे देतात की घेतात, हे कमेंटमध्ये लिहा. चार-पाच गावांची उदाहरणं हातात आली तर पुढच्या महिन्याच्या सभेआधी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देतो.